कवडीचं अंग, पोवळ्याचं फूल

नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर आराध्यांच्या गळ्यात कवड्यांच्या माळा दिसतात. भुत्यांच्या, गोंधळ्यांच्याही. भवानीच्या नावानं जोगवा मागणाऱ्या बाईच्या परडीतही कवड्या असतात. काळ्या मातीच्या त्या कोरड्या मुलखात हा दागिना इतका मुरला आहे, की ते मालदीव-लक्षद्वीपच्या प्रवाळखडकांवर सरपटणाऱ्या एका गोगलगायीचं घर आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही.

ही गोगलगाय जिवंत असते तेव्हा कवडी पुरती दिसतच नाही. तिच्या अंगाचे दोन मऊ पदर खालच्या दातेरी फटीतून बाहेर येतात आणि दोन्ही बाजूंनी वर चढून पाठीवर एकमेकांना भिडतात. पदरांवर रेषा असतात, बारीक फाटे असतात. बोट लागलं की पदर झर्रकन आत जातात आणि खालची तुळतुळीत कवडी उघडी पडते. ही झिलई कुणा कारागिरानं घासून आणलेली नसते. तेच पदर कवचावर बाहेरून थर चढवत राहतात, म्हणून बाकीच्या शंख-शिंपल्यांना येतो तसा खरबरीतपणा कवडीला येत नाही. आपण ज्या चकाकीवर भाळतो ती त्या अंगाचीच करणी, आणि दागिना करायचा तर आधी त्या अंगाचीच विल्हेवाट लावावी लागते. दहाव्या शतकातला अरब लेखक अल्-मसूदी लिहितो, की बेटांवरचे लोक पाण्यात नारळाच्या झावळ्या टाकतात, कवड्या त्यांना चिकटल्या की झावळ्या ओढून वाळूवर पसरतात आणि ऊन आतला जीव मारतं. चौदाव्या शतकात मालदीवमध्ये काजी होऊन राहिलेला इब्न बतूता खड्ड्यात पुरण्याची रीत सांगतो. मांस कुजून गेलं की स्वच्छ कवच हाती येतं.

प्रवाळखडकाशी नातं सांगणाऱ्या दागिन्यांचा मागोवा घ्यायला बसलं, की हीच गोष्ट जागोजागी भेटते. कवडी, शंख, शिंपला, मोती, पोवळं: माणसानं हजारो वर्षं अंगावर मिरवलं ते त्या जीवांचं घर, हाड नाहीतर कवच. खुद्द जीव दागिन्यात नव्हता. तो कसा दिसतो हे ठाऊकच नव्हतं, तर घडवणार काय? जीव दागिन्यात उतरला तो फार उशिरा, आणि माझ्या मते त्याचं श्रेय सोनाराइतकंच काचेच्या टाकीला आहे.

याला एक जुना अपवाद आहे. 1876 साली हाइन्रिख श्लीमाननं ग्रीसमधल्या मायसिनीच्या थडग्यांमध्ये खणलं तेव्हा सोन्याच्या पत्र्याचे छोटे ऑक्टोपस डझनांनी निघाले. साडेतीन हजार वर्षांपूर्वी साच्यावर दाबून उठवलेले, डोळे ठसठशीत, हात वेटोळे घातलेले. बहुधा कापडावर शिवलेले असावेत. क्रीट आणि मायसिनीच्या कारागिरांनी अर्गोनॉट नावाचा, कागदासारख्या पातळ शिंपल्यातून तरंगणारा ऑक्टोपसचा भाऊही मण्यांमध्ये आणला. या मंडळींची नजर तयार होती यात शंका नाही. पण ऑक्टोपस उथळ पाण्यात दिसतो, जाळ्यात येतो आणि चुलीवरही जातो. त्याला ओळखायला पाण्याखाली जावं लागत नाही.

जे जाळ्यात आलं तेच दागिन्यात आलं, असा नियम सरसकट लावला तरी फारसा चुकणार नाही. आपल्याकडच्या बायकांच्या पायांतल्या मासोळ्याच घ्या. जोडव्यांच्या शेजारी बोटांत बसणारी ती चांदीची मासळी बाजारातल्या पाटीवरूनच तिथे पोचली असणार. पण समुद्रफूल किंवा प्रवाळाचा इवलासा पॉलिप यांना पाण्याबाहेर आकारच नाही. ओहोटीला खडकावर उघडं पडलेलं समुद्रफूल म्हणजे बुळबुळीत लालसर गोळा. पाणी परत आलं की त्यालाच शंभर पाकळ्या फुटतात. ते पाहायचं तर पाण्याच्या आत पाहावं लागतं, आणि निवांत पाहावं लागतं.

म्हणून मधल्या काळात युरोपातल्या सोनारांनी समुद्र कल्पनेतूनच भरून काढला. सोळाव्या शतकात वेडेवाकडे मोती घ्यायचे आणि त्यांच्या फुगीर आकारात जलपुरुषाची छाती, मत्स्यकन्येचं पोट किंवा समुद्रराक्षसाची पाठ शोधायची, असा शौक होता. त्याच घाटाचं, प्रचंड मोत्याच्या धडाचा जलपुरुष असलेलं एक पदक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ते ‘कॅनिंग ज्वेल’ म्हणून ओळखलं जातं, कारण 1857 च्या सुमारास गव्हर्नर जनरल कॅनिंगनं ते हिंदुस्थानात मिळवलं. कुणा मेदिचीनं ते मुघल बादशहाला पाठवलं, अशी कहाणी त्याला चिकटली. आता जाणकार ते एकोणिसाव्या शतकातलंच असावं, असं म्हणतात. कहाणी गेली तरी पदक देखणंच आहे. पण त्यात समुद्र शोधू नये. तिथे आहे ते पुराण.

पोवळ्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची, आणि आपल्या जास्त जवळची.

भूमध्य समुद्रातलं लाल पोवळं भारतात येऊ लागल्याला दोन हजार वर्षं होऊन गेली. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो, की आमच्याकडे मोत्यांना जो मान आहे तोच हिंदुस्थानात पोवळ्याला आहे. त्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वाटाड्यात भडोचच्या आयातीच्या यादीत पोवळं सापडतं. भारताभोवती प्रवाळ कमी नाही, पण आपल्या उथळ उबदार पाण्यातलं खडक बांधणारं प्रवाळ वाळलं की पांढरं, सच्छिद्र, ठिसूळ होतं. ते चुन्याच्या भट्टीत गेलं. दागिन्यातलं लाल पोवळं हा वेगळा जीव आहे. तो खडक बांधत नाही, अर्धवट अंधाऱ्या कपारींत आणि खोल पाण्यात छोट्या झुडपासारखा वाढतो, आणि त्याचा सांगाडा इतका घट्ट विणलेला असतो की घासला की काचेसारखा चमकतो. चांगल्या पोवळ्याच्या मण्यावर भिंग धरलं तर लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या बारीक समांतर रेषा दिसतात. जिवंतपणी सगळ्या पॉलिपांना जोडणाऱ्या नळ्या फांदीवरून ज्या वाटांनी गेल्या, त्यांच्या त्या खुणा. काचेच्या किंवा रंगवलेल्या मण्यावर त्या सापडत नाहीत, म्हणून जुने जवाहिरे पोवळं हातात घेतलं की आधी उजेडाकडे फिरवतात.

अठराव्या शतकात या व्यापाराची एक टोकदार वाट गोव्याला येत होती. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात एर्गास आणि सिल्वेरा या ज्यू व्यापाऱ्यांची पेढी होती. ते लिस्बनमार्गे गोव्याला पोवळी पाठवत आणि गोव्यातले सारस्वत व्यापारी, त्यांत कामत मंडळी ठळक, त्या बदल्यात हिरे पाठवत. दोन्हीकडचे लोक आयुष्यात एकमेकांना भेटले नाहीत. पोर्तुगीजमध्ये लिहिलेली पत्रं, वर्षाकाठी येणारी जहाजं आणि शब्दाला जागण्याची रीत, एवढ्यावर सगळा कारभार. माल नाकारला, दर पडले, जहाज उशिरा आलं, तर उत्तर यायला वर्ष-दोन वर्षं. कोकणी सारस्वत बायकांच्या कासीताळीत सोन्याच्या मण्यांबरोबर पोवळी ओवतात. त्यांतली जुनी पोवळी कुठून आली असतील याचा अंदाज यावरून बांधता येतो. मोत्या-पोवळ्यांची जोडी, नवरत्नातलं स्थान, मंगळाचा ग्रह, वैद्याच्या बटव्यातलं प्रवाळभस्म, हे सारं त्या आयातीवर उभं राहिलं.

आणि एवढं सगळं उभं राहिलं तोवर पोवळं हे झाड, की दगड, की आणखी काही, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. रोमन कवी ओव्हिडनं सांगितलेल्या कथेत पर्सियस मेडुसाचं कापलेलं डोकं समुद्रकाठच्या शेवाळावर ठेवतो आणि शेवाळ दगड होऊन पोवळं बनतं. पाण्यात मऊ, हवेत कडक, असा समज शतकानुशतकं चालला. 1706 साली बोलोन्याचा लुइजी मार्सिली यानं ताजी तोडलेली फांदी समुद्राच्या पाण्यात ठेवली. थोड्या वेळानं तिच्या लाल सालीतून छोटी पांढरी फुलं उमलली, प्रत्येकाला आठ पाकळ्या. भांडं हलवलं की मिटत, शांत ठेवलं की उमलत. मार्सिलीला आनंद झाला: पोवळं ही वनस्पती, ही तिची फुलं.

मार्सेयचा वैद्य झां-आंद्रे पेसोनेल यानं 1720 च्या दशकात पोवळं काढणाऱ्यांबरोबर होड्यांतून जाऊन, पुढे उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही, हीच फुलं पाहिली. त्याला ती फुलं वाटली नाहीत. ती हालतात, आखडतात, आणि मेली की कुजक्या मासळीसारखा वास मारतात. त्यानं लिहिलं, की हा प्राणी आहे. त्या काळच्या मोठ्या मोठ्या पंडितांना हे इतकं हास्यास्पद वाटलं, की निसर्गशास्त्रज्ञ रेओम्युरनं 1727 साली पॅरिसच्या अकादमीपुढे ते मत मांडताना पेसोनेलचं नावच गाळलं. त्याची शोभा होऊ नये म्हणून! पुढे 1740 च्या दशकात ट्रेम्ब्लेनं गोड्या पाण्यातल्या हायड्राचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यापासून नवा जीव होतो हे दाखवलं, वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यूसिअ किनाऱ्यावर जाऊन स्वतः पाहून आला, आणि रेओम्युरला शब्द मागे घ्यावे लागले. पेसोनेल तोवर ग्वादलूपमध्ये सरकारी वैद्यकी करत होता. आजही दागिना घेताना पोवळ्याला ‘रत्न’ म्हणणाऱ्यांना हा वास सांगायला हवा असं मला फार वाटतं.

पोवळं काढायची रीत मात्र तेव्हाही बदलली नाही. लाकडाचा जड क्रूस, त्याला जाळ्यांचे झुबके, आणि ते सारं कपारींवरून ओढत न्यायचं. फांद्या मोडून जाळ्यात अडकत, बऱ्याच खाली पडत, आणि शेजारचं बाकी सगळं चिरडलं जाई. नेपल्सजवळच्या तोर्रे देल ग्रेको गावानं या धंद्यावर पोट भरलं. तिथल्या पोवळं-मच्छीमारांसाठी 1790 साली राजानं कायदाच काढला, 1805 साली पहिला कारखाना निघाला, 1878 साली कोरीवकामाची शाळा. 1875 ते 1880 मध्ये सिसिलीच्या शाक्काजवळ समुद्रतळाशी साचलेल्या मेलेल्या पोवळ्याचे ढिगारेच्या ढिगारे सापडले आणि होड्यांची झुंबड उडाली. बाजारात माल इतका आला की दर कोसळले. व्हिक्टोरियाच्या काळातल्या बायका त्याच सुमारास पोवळ्याच्या न घासलेल्या, काटकीसारख्या फांद्या केसांत आणि कानांत घालत होत्या. जीवाचा आकार जसाच्या तसा अंगावर आला, असं म्हणायला इथून सुरुवात होते, पण तेही हाडच.

आता काचेकडे वळू. सिसिलीतल्या मेसिनात झान व्हिल्प्र-पॉवर नावाची फ्रेंच बाई राहत होती. पॅरिसमध्ये ती शिवणकाम करायची. 1816 साली एका राजकन्येच्या लग्नाच्या पोशाखावर तिनं भरतकाम केलं होतं. लग्न करून सिसिलीला आल्यावर तिनं अभ्यासाला घेतला तो अर्गोनॉट, मायसिनीच्या सोन्यात उतरलेला तोच. हा जीव शिंपला स्वतः करतो, की दुसऱ्या कुणाचा चोरून आत राहतो, हा वाद ॲरिस्टॉटलपासूनचा. तो सोडवायला तिनं 1832 मध्ये काचेच्या टाक्या करून घेतल्या आणि जिवंत अर्गोनॉट रोज बघत बसली. शिंपल्याला भोक पाडलं की तो आपल्याच अंगानं ते बुजवतो, हे तिनं दाखवलं. भरतकाम करणाऱ्या हातांना बारीक वस्तूकडे तासन्‌तास बघण्याची सवय असते, तीच तिच्या कामी आली असेल, असं मला वाटतं.

पुढच्या वीस वर्षांत इंग्लंडमध्ये टाकीचं वेड लागलं. रॉबर्ट वॉरिंग्टननं पाण्यात वनस्पती आणि प्राणी मापानं ठेवले तर पाणी बदलावं लागत नाही, हे दाखवलं. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं मत्स्यालय उघडलं. निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉसनं 1854 साली त्याच विषयावर पुस्तक काढलं, 1860 साली ब्रिटिश समुद्रफुलांवर स्वतःच्या रंगीत चित्रांचं मोठं पुस्तक पुरं केलं, आणि दिवाणखान्यात समुद्र ठेवायची फॅशन झाली. डेव्हनच्या किनाऱ्यावर बादल्या घेऊन लोकांचे तांडे लोटले. गॉसचा मुलगा एडमंड यानं पुढे 1907 साली ‘फादर अँड सन’मध्ये लिहिलं, की वडिलांच्या पुस्तकांनीच खडकांतली ती तळी ओरबाडली गेली. बापानं ज्याचं कौतुक केलं तेच त्या कौतुकानं संपलं, हे त्याला टोचत राहिलं.

पण त्या टाक्यांमुळे एक गोष्ट पक्की झाली. समुद्रफूल, प्रवाळ, जेलीफिश हे आता माणसाच्या डोळ्यांसमोर, उजेडात, उघडे, हालत होते. त्यांची नक्कल करता येणार होती.

ती पहिल्यांदा नेटानं केली दागिन्यांच्याच घराण्यातल्या माणसानं. बोहेमियातल्या ब्लाश्का कुटुंबात काचेचे दागिने आणि काचेचे कृत्रिम डोळे करण्याचा धंदा. लिओपोल्ड ब्लाश्का 1853 मध्ये अमेरिकेच्या वाटेवर असताना वारा पडून जहाज अटलांटिकमध्ये अडकलं आणि रात्री काळ्या पाण्यात जेलीफिश उजळताना त्यानं पाहिले. दहा वर्षांनी ड्रेस्डेनच्या संग्रहालयासाठी त्यानं गॉसच्या चित्रांवरून काचेची समुद्रफुलं केली. मग मुलगा रुडॉल्फ हाताशी आला आणि बापलेकांनी दिव्याच्या ज्योतीवर काच वितळवून समुद्रातले मऊ जीव हजारोंनी घडवले: पारदर्शक छत्र्या, केसांएवढे स्पर्शतंतू, वर रंगाचा हलका हात. अडचण अशी होती की स्पिरिटच्या बाटलीत हे जीव रंग गमावतात, आखडतात, चिखल होतात. म्हणून विद्यापीठांना काचेचे हवे होते. 1890 पासून दोघांनी हार्वर्डशी करार करून फक्त काचेची फुलं करायला घेतली आणि समुद्रजीवांचं काम बंद पडलं.

ब्लाश्कांचं काम दागिना नव्हतं, हे खरं. तरी मऊ, पारदर्शक देह कडक पदार्थात उतरवता येतो हे त्यांनीच सिद्ध केलं. सोनारकामात आधी उणीव होती ती याच धिटाईची.

दुसरी उणीव नमुन्यांची, ती एर्न्स्ट हेकेलनं भरून काढली. येनाचा हा प्राणिशास्त्रज्ञ तितकाच चित्रकार. 1899 ते 1904 मध्ये निघालेल्या त्याच्या ‘कुन्स्टफोर्मेन डेर नाटूर’ या शंभर चित्रपत्रांच्या संग्रहात जेलीफिश, प्रवाळ, सागरी सूक्ष्मजीव सगळे नक्षीसारखे मांडले आहेत, शास्त्रापेक्षा सममितीवर जरा जास्तच प्रेम करून. एका देखण्या जेलीफिशला त्यानं तरुणपणी वारलेल्या बायकोचं, आना सेथेचं नाव दिलं. वास्तुरचनाकार रने बिने यानं तर 1900 च्या पॅरिस प्रदर्शनाचं प्रवेशद्वारच हेकेलच्या सूक्ष्मजीवांवरून बांधलं. त्याच प्रदर्शनात रने लालिकचे दागिने गाजत होते. लालिकचा ओढा चतुर, कीटक, फुलं यांच्याकडे. पण त्यानं शिंग, मिना, काच अशा स्वस्त वस्तूंना हिऱ्याशेजारी बसवून एक मोकळीक दिली: दागिन्याची किंमत खड्यात नाही, आकारात आहे. समुद्रजीवांना हिऱ्या-माणकांच्या चौकटीत कधीच बसता आलं नसतं. त्यांना ही मोकळीक लागणारच होती.

तिचा सगळ्यात चांगला उपयोग केला पॅरिसच्या रने बुआव्हँ या पेढीनं. रने 1917 साली वारले आणि पुढे पेढी त्यांच्या पत्नी झान यांनी चालवली. झान या पोशाखकार पॉल प्वारेच्या बहीण. हाताखालच्या नामांकित आरेखक मुख्यतः बायकाच: आधी सुझान बेलपेरॉन, 1933 पासून ज्युलिएट म्युतार. म्युतारनं 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात तारामाशाची पिन काढली, आणि माझ्या मते या सगळ्या वंशावळीत तिच्याइतका समुद्र ओळखलेला दागिना दुसरा नाही.

ती तळहातभर मोठी. पाच हात. प्रत्येक हाताच्या मधोमध घुमटाकार माणकांची रांग, मधल्या गाठीतून टोकाकडे लहान होत जाणारी, आणि भोवती सगळ्या अंगावर बारीक जांभळे अॅमेथिस्ट. 71 माणकं, 241 अॅमेथिस्ट. माणकाशेजारी अॅमेथिस्ट म्हणजे शालूला सुती अस्तर, असं एखाद्या पेढीवाल्यानं म्हटलं असतं. पण त्या दोन खड्यांच्या जवळजवळच्या रंगांमुळेच पाण्याखालच्या ओल्या, दाणेदार कातडीचा भास होतो. शिवाय माणकांना पैलू पाडलेले नाहीत, त्यामुळे चकाकण्याऐवजी ती ओली दिसतात. खरी करामत मागच्या बाजूला आहे. प्रत्येक हात सोन्याच्या छोट्या तुकड्यांचा, तुकडे बिजागरींनी जोडलेले. त्यामुळे पिन खांद्यावर लावली की हात खांद्याच्या वळणावर ओघळतात, गळ्याशी लावली की गळ्याला चिकटतात. खऱ्या तारामाशाचं शरीर असंच असतं. चुन्याच्या लहान लहान तुकड्यांना बांधणाऱ्या ऊतीनं तो हवं तेव्हा सैल पडतो, हवं तेव्हा कडक होतो. म्युतारला हे शरीरशास्त्र ठाऊक असो वा नसो, तिच्या कारागिरांनी ते सोन्यात बरोबर सोडवलं.

या पिनेवर पेढीचं नाव कोरलेलं नाही. मादाम बुआव्हँचं म्हणणं, घाट पाहिला की कळायलाच हवं कुणाचा आहे. नट्टी क्लोडेट कोल्बेर आणि श्रीमंत शौकीन मिलिसेंट रॉजर्स यांच्याकडे प्रत्येकी एक होती. कोल्बेरची आता बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे, 2019 पासून. सही नसल्यानं तिच्या अनेक बहिणी आणि नकला कुठे कुठे फिरल्या याचा शोध घेणारं एक अख्खं पुस्तकच 2018 साली निघालं.

त्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये सिसिलीचा सरदार फुल्को दि व्हेर्दुरा निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या दुकानातून शिंपले विकत आणून त्यांना सोन्यात मढवत होता. खरा शिंपला आणि घडवलेलं सोनं, दोन्हींचा संकर. मला तो फार प्रामाणिक वाटतो, थोडा आळशीही.

आणि मग झां श्लुंबर्जे. अल्सासच्या कापड गिरणीवाल्या घरातला हा मुलगा आधी पॅरिसमध्ये पोशाखकार एल्सा स्कियापारेलीसाठी गुंड्या करायचा. 1956 साली तो टिफनी या जवाहिऱ्यांच्या पेढीत आला. तोवर जमाना बदलला होता. 1943 साली कुस्तो आणि गान्यां यांनी पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरायची सोय केली होती. टाकीतला जीव पाहायचा, की टाकी पाठीवर घेऊन जीवाच्या घरी जायचं, हा आता ज्याच्या त्याच्या हौसेचा प्रश्न होता. श्लुंबर्जेनं 1967 च्या सुमारास बनी मेलन या बाईंसाठी जेलीफिशची पिन केली. त्यांना अँटिग्वात पोहताना जेलीफिश चावला म्हणून, असं सांगतात. छत्रीला चंद्रकांत मणी, आतून धुरकट उजेड येतो असे, आणि खाली नीलमणी जडवलेले स्पर्शतंतू, चालताना थरथरतील असे सैल बसवलेले. आज ती व्हर्जिनियाच्या ललितकला संग्रहालयात आहे. ज्यानं डंख मारला त्याला गळ्याशी लावून मिरवायचं, हा उमरावी खोडसाळपणा मला आवडतो.

वंशावळीला इथून एक विचित्र वळण लागतं. जीव दागिन्यात आले तसं हाड दागिन्यातून बाहेर पडू लागलं. लाल पोवळं वर्षाला मिलिमीटरच्या अंशांनी जाड होतं. मनगटाएवढी फांदी म्हणजे कित्येक पिढ्यांचं काम. क्रूस ओढण्यावर युरोपीय संघानं 1994 साली बंदी घातली. त्यानंतर पाणबुडे हातानं तोडतात. टिफनीनं एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पोवळं विकणं थांबवलं. चीननं 2008 साली आपल्या पोवळ्याच्या चार जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या देखरेखीच्या यादीत, तिसऱ्या परिशिष्टात, घातल्या. पण सगळ्याच देशांच्या मौल्यवान पोवळ्याला याहून कडक यादीत घालायचा प्रस्ताव 2007 साली हेगला आणि 2010 साली दोहाला, दोन्ही वेळा पडला. भारतात 2001 पासून समुद्रघोडे आणि खडक बांधणारी प्रवाळं वाघासारखी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांचा दागिना तर सोडाच, वाळलेला तुकडा बॅगेत घालून आणणंही गुन्हा.

त्यामुळे आता पाश्चात्त्य दुकानांच्या काचांमागे सोन्यात ओतलेल्या प्रवाळाच्या फांद्या, मिन्याचे समुद्रघोडे, मेणाऐवजी संगणकावर आकार दिलेली समुद्रफुलं दिसतात, आणि शेजारी ‘यात खरं प्रवाळ नाही’ अशी अभिमानाची चिठ्ठी. आकार राहिला, पदार्थ गेला.

आपल्या सराफ बाजारात हे चालत नाही. मंगळ कडक आहे म्हणून अनामिकेत घालायच्या अंगठीसाठी येणारं गिऱ्हाईक पोवळ्याच्या आकाराला भुलत नाही. त्याला पोवळंच हवं, इटालियन की जपानी हे तो विचारतो, रत्तीत तोलून घेतो, आणि अंगठीला खालून छिद्र ठेवायला सांगतो. खड्याचा स्पर्श कातडीला झाला पाहिजे, नाहीतर गुण येत नाही, असं ज्योतिषानं सांगितलेलं असतं. तारामाशाची मिन्याची अंगठी कितीही सुबक असली तरी तिनं मंगळ शांत होईल, असं म्हणणारा ज्योतिषी मला तरी अजून भेटलेला नाही.